इंजिन बदलायचं, की आहे तेच नीट करायचं?

समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि वर्धा जिल्ह्यातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना नवी हौस लागली. तोवर सेलू, देवळी, आर्वी एवढ्यात समाधानी असलेली मारुती ८०० किंवा जुनी झेन आता शंभरच्या वेगाने पळावी असं वाटू लागलं. मग गॅरेजात सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं इंजिनच बदल, कुणी म्हणतं मोठा फिल्टर आणि फ्री-फ्लो सायलेन्सर लाव, कुणी म्हणतं ट्यूनिंग कर. या तिन्हींबद्दल बरंच चुकीचं बोललं जातं आणि त्यापायी लोकांचे पैसे वाया जातात.

सगळ्यात खर्चिक गैरसमज म्हणजे ‘जुन्या इंजिनात आता दम नाही, ते बदलावंच लागेल.’ मारुती ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन नवं असतानाही साधारण ३७ अश्वशक्तीचंच होतं. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा, की त्या ३७ पैकी आज किती उरली आणि बाकीची गेली कुठे? बऱ्याचदा ती किरकोळ ठिकाणी गेलेली असते. टॅपेट सैल किंवा घट्ट झालेले असतात, टायमिंग सरकलेलं असतं, कार्बोरेटरचा जेट चोंदलेला असतो, क्लच प्लेट घसरत असते. कधी तर मागचा ब्रेक धरून बसलेला असतो. गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवलं, की हे लगेच कळतं. फिरवल्याबरोबर चाक अडत असेल, तर दोष इंजिनाचा नाही.

इंजिनाची खरी तब्येत कंप्रेशन टेस्टने समजते. गरम इंजिनाचे सगळे प्लग काढायचे, प्लगच्या जागी गेज लावायचा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून ठेवायचा. आकडे भरपूर आणि जवळजवळ सारखे असतील, तर इंजिन खोलायचं कारण नाही. एखाद्या सिलिंडरचा आकडा पडलेला दिसला, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेले आहेत. जागचा हलला नाही, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट गेलेलं आहे. व्हॉल्व्हचं काम हेड उतरवून होतं, रिंगांसाठी मात्र इंजिन खोलावं लागतं आणि दोन्हींच्या खर्चात मोठं अंतर पडतं. ही टेस्ट न करता इंजिन बदलायला सांगणाऱ्या मेस्त्रीचं ऐकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा गैरसमज कायद्याचा. ‘गाडी माझी, इंजिन कुठलंही टाकेन.’ मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने मुळात दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन परिवहन कार्यालयाची परवानगी घेऊन बसवता येतं आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो. मारुती ८०० मध्ये एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन हा या नियमात बसणारा बदल नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ प्रमाणे अशा बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येतो. भंगारातून आणलेलं इंजिन बिलाशिवाय घेतलं आणि ते चोरीच्या गाडीचं निघालं, तर पोलिसांच्या चौकशीला गाडीमालकालाच तोंड द्यावं लागतं.

सीएनजीचं तसं नाही. इंधन बदलण्यासाठी मंजुरी मिळालेला किट बसवायची सोय कायद्यातच आहे, मात्र त्याची नोंद आरसीवर हवी आणि टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी व्हायला हवी.

इंजिन बदलणं तांत्रिकदृष्ट्या चूक आहे असं नाही. हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा १९८४ मध्ये बाजारात आली ती अ‍ॅम्बेसेडरच्याच १४८९ सीसीच्या इंजिनावर आणि त्या जड गाडीला ते इंजिन पुरत नव्हतं. पुढे कंपनीने तिच्यात इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन घातलं आणि त्याच्या जोडीला पाच गिअरांचा नवा गिअरबॉक्सही दिला. म्हणजे कंपनीलासुद्धा नुसतं इंजिन बदलून भागलं नाही. गॅरेजात माउंटिंग वेल्ड करून मोठं इंजिन बसवता येईलही, पण अ‍ॅक्सल, रेडिएटर, वायरिंग आणि ब्रेक जुनेच राहतात. वेग ६० वरून १०० वर गेला, की थांबवायची ऊर्जा सुमारे पावणेतीन पट होते. १२ इंची चाकांवरच्या छोट्या ब्रेकवर एवढा भार टाकणं मला धोक्याचं वाटतं.

बोल्टने बसणाऱ्या सुट्या भागांविषयी बोलताना आपल्याकडचा उन्हाळा विसरून चालत नाही. ‘उघडा कोन फिल्टर लावला की पिकअप वाढतो’ असं सांगतात. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४६ अंशांच्या आसपास जातो. २० अंशांच्या हवेपेक्षा ती हवा सुमारे ८ टक्के विरळ असते, म्हणजे इंजिनाला तेवढा प्राणवायू कमी मिळतो. उघडा फिल्टर बॉनेटखालची, त्याहूनही तापलेली हवा ओढतो आणि नफ्याऐवजी तोटा होतो. त्यात आपल्या रस्त्यांवरची बारीक धूळ आणि कापसाच्या हंगामात हिंगणघाटकडे उडणारा तंतू. कमी गाळणाऱ्या फिल्टरमधून गेलेली धूळ पुढे बोअर-रिंगा खाते. कंपनीचा कागदी फिल्टर वेळेवर बदला आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा साफ करा, फरक तिथेच पडेल. फ्री-फ्लो सायलेन्सरने आवाज नक्की वाढतो, पण छोट्या साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद वाढली तरी ती जाणवण्याइतकी नसते.

‘लॅपटॉप लावून ट्यूनिंग केलं की गाडी दुप्पट पळते’ हेही खरं नाही. कार्बोरेटरच्या गाडीत संगणकच नाही, तिथे ट्यूनिंग म्हणजे जेट, टायमिंग आणि टॅपेट. साध्या पेट्रोल एमपीएफआय गाडीत प्रोग्रॅम बदलून थोडंच हाती लागतं. टर्बो डिझेलमध्ये वाढ खरोखर मिळते, पण तीही फुकट नाही. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन स्विफ्टमध्ये ७५ अश्वशक्तीचं होतं आणि लिनियात ९० चं. त्या जादा ताकदीसाठी कंपनीने टर्बोच वेगळा, बदलत्या भूमितीचा दिला होता. नुसत्या प्रोग्रॅमने ती काढायला गेलं, तर ताण जुन्या टर्बोवर आणि क्लचवर येतो.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून ‘जुनं इंजिन आता चालणारच नाही’ अशी भीती पसरली आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. त्यामुळे मिश्रणात ती ६-७ टक्के कमी भरते आणि अ‍ॅव्हरेज थोडं घटतं. खरा त्रास जुन्या रबराला होतो. पेट्रोलचे पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केटं फुगतात किंवा कडक होतात. ती इथेनॉलला टिकणारी घाला, पेट्रोल फिल्टर बदला आणि मेस्त्रीकडून मिश्रण पुन्हा लावून घ्या. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल, तर टाकीत जुनं पेट्रोल साठवू नका, इथेनॉल पाणी ओढून घेतं.

भर उन्हात गाडी मध्येच बंद पडली म्हणूनही इंजिनाला दोष दिला जातो. कार्बोरेटरच्या गाडीत पाइपमध्येच पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती ओढू शकत नाही. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकून गाडी चालू करत, ते शास्त्राला धरूनच होतं. कायमचा उपाय हवा असेल, तर पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून दूर न्या आणि पंपाखालचा उष्णतारोधक तुकडा जागेवर आहे ना ते पाहा.

‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात’ हा समज दिल्ली परिसरातल्या पेट्रोल गाड्यांच्या बंदीवरून इकडे पसरला. आपल्या एमएच-३२ च्या खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करून, शुल्क आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. त्या तपासणीला जाताना आरसीवरचा आणि गाडीतला इंजिन नंबर एकच असायला हवा.

तेव्हा पैसे हातात असतील, तर आधी टायर, ब्रेक आणि कूलिंगवर लावा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. समृद्धीवर चढण्यापूर्वी ते आजच वाचा.