गाळा, खाणावळ, खातं

१९२१ च्या जनगणनेच्या वेळी मुंबईतली ८० टक्क्यांहून जास्त माणसं मुंबईबाहेर जन्मलेली होती. बायकांची संख्या पुरुषांच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे हे शहर मुख्यतः बायकामुलांना गावी ठेवून आलेल्या पुरुषांचं होतं. त्यातले कितीतरी रत्नागिरी जिल्ह्यातून बोटीनं आलेले (तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही होता), कितीतरी सातारा-कोल्हापूर-पुण्याकडून घाट उतरून आलेले. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवची गिरणी सुरू झाली. पुढच्या सत्तर वर्षांत भायखळा, लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, वरळी असा एक सलग पट्टा चिमण्यांनी भरून गेला. लोक त्याला गिरणगाव म्हणू लागले.

या पट्ट्यात आलेला माणूस शेतकरी किंवा शेतमजूर होता. आभाळाकडे बघून कामाला लागायचं आणि जत्रेला काम थांबवायचं, हे त्याचं वेळापत्रक. तोच माणूस दोनचार वर्षांत भोंग्यावर उठू लागला, रात्रपाळी करून दिवसा झोपू लागला, परक्या मुलखातल्या माणसाच्या शेजारी दहा-दहा तास उभा राहू लागला आणि वेळ आली तेव्हा त्याच माणसाबरोबर संपावरही गेला. हे त्याला कुणी शिकवलं? मालकांना त्याची फिकीर नव्हती आणि सरकारलाही नव्हती.

समाजात वावरायला शिकण्याच्या या प्रक्रियेला समाजशास्त्र सामाजिकीकरण म्हणतं. कॉलेजच्या पुस्तकात ते कुटुंब, शाळा, सवंगडी, माध्यमं अशा ठरलेल्या क्रमानं येतं. गिरणगावात हा क्रम कोलमडतो. कुटुंब गावी राहिलेलं, शाळा बहुतेकांनी बाहेरूनच पाहिलेली. इथला माणूस दुसऱ्यांदा घडला तो मिसरूड फुटल्यावर, आणि त्याला घडवलं ते गाळ्यानं, खाणावळीनं, खात्यानं, तालमीनं आणि युनियननं.

गाळा म्हणजे एका गावच्या, बहुधा एकाच वाडीच्या किंवा भावकीच्या माणसांनी मिळून भाड्यानं घेतलेली खोली. चाळीतली खोली लहान असे. नंतर सरकारनं बांधलेल्या बीडीडी चाळींतही ती १६० चौरस फुटांचीच होती. अशा खोलीत कुटुंब राहिलं तर सात-आठ जण राहत, पण गावकऱ्यांच्या गाळ्यात त्याच्या कितीतरी पट माणसं मावत. पाळ्या असल्यामुळे ते जमे. पहिल्या पाळीचा उठून गेला की तिसऱ्या पाळीचा त्याच जागेवर वळकटी पसरी. प्रत्येकाची एक पेटी, भिंतीला एक खुंटी, कोपऱ्यात देव. पावसाळ्यात काहींना जिन्याखाली झोपावं लागे.

बाहेरून पाहणाऱ्याला ही निव्वळ दाटी दिसायची. आत मात्र कायदा चाले. महिन्याची वर्गणी ठरलेली, खोली झाडण्याची आणि पाणी भरण्याची पाळी ठरलेली, दारू पिऊन आलेल्याला काय करायचं तेही ठरलेलं. गावकरी मंडळाला अध्यक्ष असे, खजिनदार असे, हिशेबाची वही असे. नव्या पोराला नोकरी लागेपर्यंत खाऊ घालायचं आणि लागल्यावर त्याच्याकडून वर्गणी सुरू करायची, हा अलिखित नियम. याच वर्गणीतून गावच्या देवळाचा जीर्णोद्धार व्हायचा, शाळेला कौलं जायची, कुणी मेला तर क्रियाकर्म व्हायचं. गावातली भांडणंही कधी कधी मुंबईत मिटवली जात, कारण पैसा मुंबईत होता. ज्याला गावात पंचांसमोर तोंड उघडायची सोय नव्हती, तो गाळ्यात हिशेब विचारायला शिकला. सभा कशी चालते, ठराव कसा मांडतात, विरोधात बोलायचं तर कुठल्या शब्दांत, याची पहिली उजळणी इथं झाली. पुढे युनियनच्या सभांत बोललेल्या कित्येकांची जीभ या खोल्यांत सुटली असणार.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स हॉर्टन कूली यानं १९०९ मध्ये प्राथमिक गटाची कल्पना मांडली. समोरासमोरचा, जिव्हाळ्याचा, ‘आम्ही’ म्हणायला लावणारा लहान गट. त्याआधी १९०२ मध्ये त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली होती. आपण इतरांना कसे दिसतो याचा अंदाज बांधत बांधत माणूस स्वतःला ओळखतो. गाळ्यात हे अक्षरशः खरं होतं. मनीऑर्डर वेळेवर गेली की नाही, हे शेजारच्या वळकटीवरच्याला माहीत असे आणि त्याच्या पत्रातून ते गावाला कळे. मुंबईत येऊन माणूस गावाच्या नजरेतून सुटतो, असं आपण सहज म्हणतो. चाकरमान्याच्या बाबतीत ती नजर बोटीतून त्याच्याबरोबरच आली होती.

धोबी तलाव आणि माझगावच्या भागात गोंयकारांनी हेच वेगळ्या रीतीनं केलं. ही गिरणीतली माणसं नव्हती. जहाजावरचे खलाशी, आचारी, बँडवाले अशी माणसं आपापल्या गावाच्या ‘कुडी’त, म्हणजे क्लबात, राहत. पुढचं जहाज मिळेपर्यंतचा मुक्काम. पेट्यांची तशीच रांग, तशीच वर्गणी, आणि देवाऱ्याच्या जागी गावच्या सायबाचं, म्हणजे संताचं, अल्तार. संध्याकाळच्या तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, हजर राहणं सक्तीचं. कोकणी तियात्र या नाट्यप्रकाराचा पहिला प्रयोग १८९२ मध्ये गोव्यात न होता मुंबईत झाला, त्यामागे अशी एकत्र राहणारी, एक भाषा बोलणारी आणि संध्याकाळी करमणूक शोधणारी माणसं होती. यातल्या काही कुडी आजही चालू आहेत.

आता खाणावळ. गाळ्यात चूल नसे, म्हणून जेवण खाणावळवाल्या बाईकडे. ही बाई बहुधा गिरणी कामगाराचीच बायको, विधवा किंवा टाकलेली. आपल्या मुलखाची आणि शक्यतो आपल्या जातीची बाई शोधली जाई. त्यामुळे कोकण्याला भात-आमटी आणि घाट्याला भाकरी-झुणका मुंबईतही मिळत राहिला आणि कुणी कुणाबरोबर जेवायचं याच्या रेघाही शाबूत राहिल्या. जेवणाचे पैसे पगाराला. संप झाला की उधारी तुंबे, आणि ती बाई दागिना गहाण टाकून ताटं वाढत राही. १९२८ चा संप सहा महिने चालला, त्याची वर्णनं पुढाऱ्यांच्या भाषणांनी भरलेली आहेत. सहा महिने इतक्या माणसांना उधारीवर कोण जेवू घालत होतं, याचा हिशेब कुणी मांडला नाही. गाळ्याच्या मंडळात बाईला जागा नव्हती आणि युनियनच्या लेखी ती कामगार नव्हती. गोवा मुक्तिसंग्रामातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, बायकांचे गट बांधले, बँकेकडून कर्जं मिळवून दिली, तेव्हा या बायकांचा स्वतःचा असा पहिला गट झाला. शंभर वर्षं पुरुषांचे गट ज्यांच्या चुलीवर उभे होते, त्यांना गट मिळायला एवढा उशीर लागला.

गिरणीच्या आतला गट म्हणजे खातं, कामाचा एकेक विभाग. त्रासन, रिंग, सांचा, कांडी. खात्यात घेणारा आणि काढणारा जॉबर. बदली कामगार रोज सकाळी दारात उभा राहायचा आणि जॉबर बोट दाखवील तो आत. त्यासाठी दस्तुरी, म्हणजे लाच, द्यावी लागे. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. इतके दिवस आपण जॉबरला निव्वळ मालकाचा हस्तक समजत होतो. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवलं की त्याचंही सामर्थ्य वस्तीतल्या वजनावर टिकून होतं. तो तालमीला मदत करी, कर्जाला जामीन राही, खोली मिळवून देई. वस्तीनं पाठ फिरवली की खात्यातला त्याचा रुबाब संपे. गट ज्याला मोठं करतो त्याला धाकातही ठेवतो, हे जॉबरला पुरतं ठाऊक होतं.

खात्याचं दुसरं रूप मात्र कडू आहे. सांचाखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त होता आणि तिथं दलित कामगारांना प्रवेश नव्हता. कारण सांगितलं जाई ते धोट्याचं. कांडी बदलली की नव्या धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे आणि तोच धोटा दुसराही तोंडाला लावी. विटाळ होतो म्हणून सवर्ण विणकर अडून बसत. दलितांच्या वाट्याला मुख्यतः रिंगखातं, म्हणजे सूतकताई, आलं. पाण्याची व्यवस्थाही वेगळी. १९२८ च्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न थेट युनियनपुढे ठेवला. सगळ्या खात्यांत कामाचा हक्क मान्य करत नसाल तर संपाला आमच्या माणसांचा पाठिंबा गृहीत धरू नका, असं त्यांनी सुनावलं. स्वतः आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीत अनेक वर्षं राहिलेले, त्यामुळे हा प्रश्न त्यांना कागदावरून कळलेला नव्हता. कम्युनिस्टांच्या लाल बावट्याखाली एकजुटीची घोषणा देणारा माणूस धोट्यापाशी आल्यावर जातवाला होत होता, आणि दोन्ही वेळा तो प्रामाणिक होता. आपल्याकडच्या कामगार चळवळीच्या गौरवग्रंथांत हे पान घाईघाईनं उलटलं जातं, असं माझं मत आहे.

एकाच माणसात असे परस्परविरोधी धडे कसे नांदतात? जर्मन विचारवंत गेओर्ग झिमेल यानं १९०८ मध्ये याचं एक उत्तर दिलं. माणूस अनेक सामाजिक वर्तुळांत एकाच वेळी असतो आणि ही वर्तुळं जिथं एकमेकांना छेदतात तिथं त्याचं वेगळेपण तयार होतं. माणूस एकाच गटात असला तर गटासारखा होतो. पाच गटांत असला तर त्याला निवड करावी लागते.

अण्णा भाऊ साठे हे याचं लखलखीत उदाहरण. वाटेगावचा मातंग समाजातला मुलगा, शाळा दीड दिवसाची, वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेला. एक वर्तुळ नात्यातल्या बापू साठ्यांच्या तमाशाचं. दुसरं गिरणीतल्या कामाचं. तिसरं माटुंगा लेबर कॅम्पातल्या दलित वस्तीचं, आणि तिथंच भेटलेल्या कम्युनिस्ट कार्यकर्त्यांचं चौथं. १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. नुसता तमाशा हाताशी असता तर ते उत्तम तमासगीर झाले असते, नुसता पक्ष असता तर प्रचारक. दोन्ही एकमेकांवर आदळले म्हणून तमाशातला गण-गौळणीचा भाग बाजूला पडून लोकनाट्य आकाराला आलं. याच कॅम्पात मावशीकडे वाढलेल्या बाबूराव बागुलांनी १९६३ मध्ये ‘जेव्हा मी जात चोरली होती’ लिहिलं. त्या कथेच्या नावातच दोन गटांमध्ये अडकलेल्या माणसाची कोंडी आहे. नारायण सुर्व्यांना तर जन्माचा गटच नव्हता. टाकलेलं मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगारानं घरी नेलं आणि आडनाव दिलं. त्यांनी १९६६ च्या कवितासंग्रहाला ‘माझे विद्यापीठ’ हे नाव दिलं तेव्हा ते अलंकार वापरत नव्हते, पत्ता सांगत होते.

गटाचा साचा आणि त्यात ओतलेला विचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गिरणगावानं पुढे दाखवून दिलं. तालमी, कबड्डीचे संघ, गणेश मंडळं, नाक्यावरची टोळकी ही सगळी बांधणी साठ वर्षांत तयार झाली होती. तिच्यावर आधी लाल बावटा होता. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि १९७० च्या परळच्या पोटनिवडणुकीत तिचा पहिला आमदार निवडून आला. पोरं त्याच चाळींतली होती, व्यायामशाळाही त्याच होत्या. सेनेच्या शाखेनं नवी बांधणी फारशी केली नाही, होती तीच ताब्यात घेतली. विचारानं माणूस बदलतो यावर ज्यांची फार भिस्त असते, त्यांनी परळचा हा काळ जरूर अभ्यासावा.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गाळ्यातली माणसं गावी गेली, पेट्या उचलल्या गेल्या, काही गाळे विकले गेले. सर्वांत मोठा घाव बसला तो तेव्हा पंधरा-वीस वर्षांच्या असलेल्या मुलांवर. बाप खात्यात लावील, खातं युनियनमध्ये नेईल, युनियन चार गोष्टी शिकवील, ही साखळी मधूनच तुटली. नाका तेवढा उरला. त्या नाक्यावरून कुणी सुरक्षारक्षक झाला, कुणी टोळीत गेला, कुणी राजकीय कार्यालयात बसला. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकातलं घर याच मुलांचं आहे. बेकारी, दारिद्र्य ही कारणं खरीच, पण गट गेल्यावर टोकणारं कुणी उरत नाही, हेही तितकंच खरं.

वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी आता उंच इमारती उभ्या राहत आहेत. तिथं १६० च्या जागी ५०० चौरस फुटांचं घर मिळतं, स्वतःचं न्हाणीघर मिळतं, आणि ते मिळालंच पाहिजे होतं. चाळीच्या गॅलरीबद्दल गळा काढणाऱ्यांनी सार्वजनिक नळावरची रांग विसरू नये. गावकरी मंडळं अजून आहेत. शिमग्याला, गणपतीला एसटी गाड्यांचं आरक्षण ती करतात. वर्गणी मोबाइलवर जमा होते, सभा व्हॉट्सअॅपवर होतात. फक्त एका खोलीत शेजारी शेजारी झोपण्याची सक्ती गेली आणि तिच्याबरोबर टोकण्याचा हक्कही गेला.

पुढाऱ्यांची चरित्रं निघाली, संपांचे इतिहास निघाले. गाळ्यांचा इतिहास मात्र हिशेबाच्या वह्यांत पडून आहे. कुणाची वर्गणी थकली, कुणाला काढून टाकलं, देवळाला किती गेले, दंड कशाबद्दल झाला, हे सगळं त्यांत तारीखवार आहे. तुमच्या आजोबांची पेटी माळ्यावर असेल आणि तिच्यात अशी वही, पावतीपुस्तक किंवा सभेचं इतिवृत्त सापडलं, तर कृपा करून ते रद्दीत घालू नका. पानांचे फोटो काढा, नावं सांगू शकणारं कुणी हयात असेल तर नावं लिहून घ्या आणि ते एखाद्या ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाला द्या.