यंत्रवेडा गृहस्थ

लोखंडी नांगराने जमिनीत विष कालवले जाते, अशी समजूत आपल्या प्रांतातील शेतकऱ्यांत एके काळी होती, हे माधवनगर-सांगलीकडील आजच्या मुलांस सांगितले तर त्यांस हसू येईल. ती समजूत खोडून काढण्यात ज्यांचे आयुष्य खर्ची पडले, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर. सांगलीहून पुण्यास आगगाडीने जाताना किर्लोस्करवाडी हे स्टेशन लागते, ती वाडी त्यांचीच.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचा ओढा मात्र चित्रे आणि चाके यांकडे! मुंबईस चित्रकला शिकावयास गेले असता आपणांस काही रंगच नीट ओळखू येत नाहीत असे त्यांस आढळले. रंग सुटले, रेघ राहिली. आणि ती रेघ त्यांनी यंत्रांच्या आराखड्यांकडे वळविली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत ते शिकवीत. पण हक्काची बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून बेळगावास वडील बंधू रामुअण्णांकडे आले. तेथे सायकलींचे दुकान होतेच.

त्यांचे यंत्रप्रेम हौसेपुरते नव्हते, असे मी म्हणतो ते त्यांच्या पहिल्या दोन वस्तू पाहून. कडब्याची जाड धाटे गुरे टाकून देतात. ती बारीक कापून घातली की खातात, म्हणून हाताने फिरवावयाचे कडबा कापण्याचे यंत्र. लाकडी नांगर माती उकरतो, पण ती पालथी करीत नाही. लोखंडी नांगराचा वळलेला पत्रा ढेकूळ उलटवतो, हरळीच्या मुळ्या उन्हात पडून वाळतात. इतके उघड असूनही पहिले नांगर गिऱ्हाइकावाचून बराच काळ पडून राहिले!

अशातच गावाच्या वाढीसाठी बेळगावची जागा सोडण्याची वेळ आली. औंधाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलरोड स्टेशनाजवळचा बत्तीस एकर माळ दिला, आणि दहा हजार रुपयांचे कर्जही. निवडुंग आणि नाग यांच्या त्या माळावर १९१० साली कारखाना उभा राहिला. यंत्रे वाघिणीतून हलविता येतात. चूल कशी हलवावयाची? पाणी, दूध, आजारपण, सगळ्याची तेथे नवी सोय करणे आले. या प्रसंगी राधाबाईंनी पतीच्या मागे उभे राहून त्या माळास घरपण दिले, ही गोष्ट मला नांगराहून लहान वाटत नाही. रामुअण्णा वसाहतीचा कारभार पाहू लागले. घरच्या अंगणाइतकीच वाडी स्वच्छ असावी, हा लक्ष्मणरावांचा कटाक्ष. शिक्षा भोगून आलेल्या माणसांस त्यांनी पहाऱ्यावर नेमले. अस्पृश्यतेस वाडीत थारा दिला नाही. आपल्या समाजातील कित्येकांस ते तेव्हा रुचले नसेल, हे उघड आहे.

चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून यंत्रविद्येची पदवी घेऊन १९२६ साली परतले. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. पंपांचा कारखाना किर्लोस्करवाडीस अद्याप चालू आहे.