मनाजोगता उद्योग

ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील मध्यमवर्गीय घरांतून हल्लीं एक वाद वरचेवर निघतो. मुलगा किंवा मुलगी पदवीधर होते, एखाद्या कचेरींत वर्ष-दोन वर्षें काढते, आणि मग एके दिवशीं सांगते कीं, यापुढें नोकरी नको. चित्रें काढीन, चित्रपटांचें संकलन करीन, मालिकांच्या कथा लिहीन, पण ज्यांत मन रमेल तेंच काम करीन. वडिलांना हे भिकेचे डोहाळे वाटतात. मुलांना वाटतें कीं, ज्यांनीं जन्मभर फायलींवर शेरे मारले त्यांना या ओढीची कल्पना कशी यावी? दोन्ही पक्ष हिरीरीनें बोलतात, आणि दोघांच्याही बोलण्यांतून मुख्य गोष्ट बाहेरच राहते.

वडील मंडळींना कलेचें वावडें आहे, हा समज प्रथम टाकून दिला पाहिजे. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालीं निघालें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालीं. पुढें ठाण्याचें गडकरी रंगायतन, कल्याणचें अत्रे रंगमंदिर व डोंबिवलीचें सावित्रीबाई फुले नाट्यगृह हीं उभीं राहिलीं, तीं याच पिढीनें तिकिटें काढून भरविलीं. शिवाय ती केवळ प्रेक्षकांत बसून राहिली नाहीं. बँकांचीं व विमाकचेऱ्यांचीं नाट्यपथकें, राज्य नाट्यस्पर्धा, गणेशोत्सवांतील एकांकिका यांतून कारकुनांनींच नटांचीं व लेखकांचीं कामें केलीं. डोंबिवलीचे कथाकार व नाटककार शं. ना. नवरे यांनीं सरकारी नोकरी सांभाळून लेखन केलें, आणि गांवाला अभिमान वाटावा इतकें केलें. त्या पिढीनें कलेला घरांत जागा दिली होती. मात्र ती जागा संध्याकाळची होती.

ही व्यवस्था कशावर उभी होती तें पाहण्यासारखें आहे. १८५३ सालीं आगगाडी ठाण्यापर्यंत आली व पुढच्याच वर्षीं कल्याणला पोंचली. कालांतरानें मुंबईंत नोकरी करणाऱ्यांनीं याच मार्गावर घरें केलीं, कारण मुंबईंत जागा परवडेना व येथें परवडे. १९५६ सालीं आयुर्विमा महामंडळ स्थापन झालें, १९६९ सालीं चौदा बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें, आणि पांढरपेशांच्या नोकऱ्या वाढल्या. कचेरी ठरल्या वेळीं सुटे, पगार ठरल्या तारखेस होई, निवृत्तीनंतर पेन्शन अगर फंड हातीं येई. तालमीला वेळ मिळे तो या ठरलेपणामुळें, आणि नाटक पडलें तरी घरची चूल पेटत राही.

या टेकूंपैकीं आज कितीसे उरले आहेत? केंद्र सरकारनें १ जानेवारी २००४ पासून व महाराष्ट्र शासनानें १ नोव्हेंबर २००५ पासून नव्यानें लागणाऱ्या नोकरांसाठीं जुन्या पद्धतीचें पेन्शन बंद केलें. खासगी कचेरींत संध्याकाळ म्हणून कांहीं राहिलेंच नाहीं. साहेबांचा फोन जेवणाच्या ताटापर्यंत येतो. त्यांतून डोंबिवलीहून सकाळच्या जलद गाडींत शिरणें व रात्रीं तिच्यांतून उतरणें हाच एक स्वतंत्र उद्योग होऊन बसला आहे. ‘नोकरी कर आणि संध्याकाळीं चित्रें काढ’ हा उपदेश शहाणपणाचा खरा, पण ज्या संध्याकाळीवर तो उभा होता ती संध्याकाळ आतां मिळत नाहीं.

वडिलांची भीति मात्र पोकळ नव्हे. १९८२ च्या जानेवारींत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुष्कळ कामगार पुन्हां कधींच कामावर गेले नाहींत. कल्याणजवळ मोहने येथील नॅशनल रेयॉनचा मोठा कारखाना २००९ सालीं बंद पडला व कामगारांचीं देणीं वर्षानुवर्षें अडकून राहिलीं. पगार थांबलेलें घर कसें असतें हें ज्यानें शेजारीं पाहिलें आहे, तो मुलाला हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागूं नको असें बजावणारच. नवल हें कीं, याच घटनांवरून मुलानें उलट धडा घेतला आहे. भरंवशाची नोकरीही जर बुडते, तर बिनभरंवशाचें पण आवडीचें काम कां नको, असें तो विचारतो. आणि या प्रश्नाला वडिलांजवळ सहसा उत्तर नसतें.

तरुणांच्या तोंडीं जो ‘अर्थपूर्ण काम’ हा शब्द असतो त्यांतही थोडी गफलत आहे. विमाकचेरींतील ज्या कारकुनानें एखाद्या विधवेचा दावा चार दिवस आधीं निकालांत काढला, त्याचें काम अर्थहीन होतें काय? आणि साबणाच्या जाहिरातीसाठीं एकच वडी सतरा वेळां रंगवून देणाऱ्याचें काम, केवळ तो चित्रकार म्हणवितो म्हणून, अर्थपूर्ण ठरतें काय? नव्या कलाव्यवसायांतील पुष्कळसें काम ही कारकुनीच असते. फक्त तिला हजेरीपट नसतो व हक्काची रजाही नसते. मुलांना हें लवकरच कळतें. तीं तें घरीं सांगत नाहींत, इतकेंच.

खरा प्रश्न आहे तो धोका कोणीं पत्करावयाचा हा. दादासाहेब फाळके यांनीं पुराणवस्तुखात्यांतील नोकरी सोडली, पुढें चित्रपटाच्या ध्यासापायीं विम्याची पॉलिसीही गहाण टाकली, आणि १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, हें सर्वांना ठाऊक असतें. त्या भांडवलांत सरस्वतीबाईंचे दागिने होते आणि चित्रपटाच्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच रांधीत, ही गोष्ट मात्र मुद्दाम सांगावी लागते. कल्याणचे शिल्पकार सदाशिव साठे (१९२६–२०२१) यांची हकीकत निराळी. त्यांच्या घराण्यांत गणपतीच्या मूर्ति घडविल्या जात. माती घरांतच होती. जे. जे. कलाशाळेंत शिकून ते पूर्णवेळ शिल्पकार झाले, आणि १९६१ सालीं गेटवे ऑफ इंडियासमोर त्यांनीं घडविलेला शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला तेव्हां ते पस्तिशीच्याही आंत होते. डोंबिवलींतील ‘शिल्पालय’ त्यांचेंच.

आजच्या मुलाजवळ शं. ना. नवरे यांच्यासारखा मासिक पगार नसतो, आणि साठ्यांसारखा घरचा व्यवसायही नसतो. घोडबंदर रस्त्यावर ज्या मालिकांचें चित्रीकरण होतें, त्या व्यवसायांत कामाचे पैसे नव्वद दिवसांनीं मिळण्याचा प्रघात आहे. हे नव्वद दिवस तो कशावर काढतो? वडिलांनीं हप्ते फेडून मिळविलेल्या घरावर आणि आईच्या हातच्या पोळीवर. घरभाडें द्यावें लागत नाहीं म्हणूनच त्याला नको तें काम नाकारतां येतें. हा हिशेब घरांत कोणीच मांडीत नाहीं. ‘लोक काय म्हणतील’ असें वडील म्हणतात. मनांतली धास्ती मात्र ही असते कीं, आपल्या पुंजींत दोन पिढ्यांचा संसार व म्हातारपणचें इस्पितळ कसें बसावें? मुलगा स्वातंत्र्याची भाषा बोलतो, पण तें स्वातंत्र्य कोणाच्या पैशावर उभें आहे हें बोलत नाहीं. मुलीच्या वांट्याला तर याहून वाईट गोष्ट येते. ‘लग्नापर्यंत हौस करूं द्या’ असें म्हणून तिला परवानगी मिळते, म्हणजे तिचा उद्योग हा उद्योगच धरला जात नाहीं.

कायदा अशा तरुणांच्या पाठीशीं अगदींच नाहीं असें नव्हे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याखालीं एकट्यानें काम करणारा चित्रकार वा संकलकही ‘उद्यम’ या नांवानें चालणाऱ्या सरकारी नोंदणींत आपला व्यवसाय दाखल करूं शकतो. त्याला पैसे पडत नाहींत. आधार व पॅन क्रमांक पुरतात. अशा उद्योगाकडून काम करून घेणारानें करारांत ठरल्या दिवशीं, आणि कांहीं झालें तरी काम स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आंत, पैसे द्यावयाचे असतात. लेखी करार नसेल तर मुदत पंधराच दिवसांची. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दरानें, आणि तेंही दरमहा चक्रवाढीनें, व्याज चढतें. दाद मागण्यासाठीं राज्यशासनानें नेमलेली परिषद आहे. नोंदणी मात्र काम घेण्यापूर्वींच केलेली बरी.

असें असतांना नव्वद दिवस वाट पाहण्याचें कारण काय? काम तोंडी ठरलेलें असतें, तें स्वीकारल्याची तारीख कुठेंच लिहिलेली नसते, आणि तगादा लावला तर पुढचें काम मिळणार नाहीं अशी धास्ती असते. धास्तीवर उपाय सोपा नाहीं. पण तारीख, प्रत, पोंच व स्मरणपत्र या गोष्टींत ज्याचीं पस्तीस वर्षें गेलीं, असा एक निष्णात गृहस्थ यांपैकीं बहुतेक घरांच्या बाहेरच्या खोलींत वर्तमानपत्र वाचीत बसलेला असतो, आणि त्याला त्या कामाविषयीं अद्याप कोणीं विचारलेलें नसतें.