रक्त कोणाचे?

गुडघा फुटला तरी रुमाल बांधून खेळत राहणे, याला आपण मर्दुमकी म्हणत आलो. बास्केटबॉलचा आंतरराष्ट्रीय नियम ती मानीत नाही. रक्त वाहत असेल किंवा जखम उघडी असेल, तर त्या खेळाडूच्या जागी दुसरा आलाच पाहिजे; रक्त थांबून जखम पूर्ण व घट्ट झाकली गेल्यावरच त्याला परत येता येते. तातडीची गरज दिसली तर डॉक्टर पंचांच्या परवानगीवाचूनही मैदानात शिरतो.

इतका कडकपणा कशाला, असे कोणी विचारील. १९९१ साली मॅजिक जॉन्सन या अमेरिकन खेळाडूने आपल्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे जाहीर केले. १९९२ च्या ऑक्टोबरात खेळताना त्याच्या हातावर साधा ओरखडा उठला. इतर खेळाडूंच्या मनातील भीती पाहून नोव्हेंबरात त्याने पुन्हा निवृत्ती पत्करली. आणि खेळातून अशी लागण होण्याचा संभव तर अत्यल्प! रक्त कोणाचे, हे नियम विचारीतच नाही. आम्हांला त्याची थोरवी वाटते ती यातच. पट्टी सर्वांनाच. शिवाय टाइम-आउट चालू असतानाच, खेळाडूबदलाची खूण होण्यापूर्वी, ती नीट बसली, तर तोच खेळाडू खेळत राहू शकतो.