अंगणातले झाड पावसाआधी पाहून घ्या

३ जून २०२० ची दुपार रायगड जिल्ह्यातली माणसे अजून विसरलेली नाहीत. ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आले आणि ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने वारा सुटला. लॉकडाऊनमुळे सगळे घरातच होते. श्रीवर्धन-मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पनवेलपर्यंत झाडे पडली, विजेच्या तारा तुटल्या. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ आले.

वादळ थांबवणे आपल्या हातात नाही. पण पडणाऱ्या झाडांपैकी बरीचशी आधीच आतून खचलेली असतात. ते दिसू लागते तेव्हा आपले लक्ष नसते, एवढेच.

आधी बुंधा पाहा

जुन्या पनवेलच्या मोहल्ल्यांत परसात आंबा, फणस, नारळ, शेवगा असतात. नवीन पनवेल, कामोठे, खारघरच्या सोसायट्यांत गुलमोहर, सोनमोहर आणि पर्जन्यवृक्ष अधिक. झाड पाहायचे म्हटले की आपण वर, फळांकडे आणि पानांकडे पाहतो. धोका बहुतेक वेळा खाली, मुळाशी असतो आणि पुष्कळदा तो आपणच तयार केलेला असतो. अंगण स्वच्छ राहावे म्हणून बुंध्यापर्यंत लादी बसवली, गटारासाठी चर खणताना एका बाजूची मुळे तोडली, कुंपणाची भिंत मुळांवरच बांधली, तर झाड हिरवे दिसत राहते. पण त्याची पकड सुटत जाते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा सिमेंटविना मोकळी ठेवण्याचा आदेश दिला, तो याच कारणासाठी. आपल्या अंगणातही तेवढी माती उघडी ठेवता येते.

या खुणा ओळखा

• झाड नव्याने कलले आहे आणि कलाच्या उलट बाजूला जमीन उचलली गेली आहे किंवा तिला भेग पडली आहे. ही सर्वांत गंभीर खूण. लहानपणापासून तिरके वाढून पुढे शेंडा सरळ झालेले झाड वेगळे. त्याची एवढी भीती नाही.
• बुंध्यावर किंवा मुळांजवळ अळंबी, छत्र्या उगवल्या आहेत. म्हणजे आतले लाकूड कुजते आहे.
• खोडाला ढोली आहे, लाकडी दांड्याने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो.
• आंब्याच्या खोडाशी भुशासारखा चुरा पडतो. हे भिरूड लागल्याचे लक्षण.
• दोन मोठ्या फांद्या जिथे फुटतात त्या बेचक्यात चीर गेली आहे.
• छपरावर किंवा रस्त्यावर वाळकी फांदी लोंबते आहे.

शेवगा आणि जांभूळ यांचे लाकूड ठिसूळ असते. फांदी जाड दिसली तरी तिच्यावर मुलांना चढू देऊ नका.

नारळाची गोष्ट आणखी निराळी. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूरला रस्त्याने चालणाऱ्या एका महिलेवर नारळाचे झाड कोसळले आणि त्यांचा जीव गेला. त्या झाडाबद्दल रहिवाशांनी आधीच अर्ज केला होता, पण पाहणीत झाड ठीक वाटले होते, असे त्या वेळच्या बातम्यांत आले. सोंड्या भुंगा नारळाचे खोड आतून पोखरतो आणि वर झावळ्या हिरव्याच राहू शकतात. खोडाला भोके, त्यांतून गळणारा तपकिरी चिकट रस आणि चघळल्यासारखा भुसा दिसला की थांबू नका, कृषी अधिकाऱ्यांना दाखवा.

कुऱ्हाड उचलण्याआधी

झाड आपल्या जागेत असले तरी ते परस्पर तोडता येत नाही. शहरी भागासाठी १९७५ चा महाराष्ट्र वृक्ष संरक्षण व जतन कायदा लागू आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हणून जास्त संरक्षण मिळाले आहे. पनवेल महापालिकेच्या हद्दीत असाल तर वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करा. छाटणीसाठीही आधी परवानगी घ्या. झाड मेलेले, रोगट किंवा जीविताला धोका करणारे असेल, तर कायदा परवानगीच्या बाजूने आहे. अर्जासोबत बुंध्याचे, भेगेचे आणि घरापासूनच्या अंतराचे फोटो जोडा, पोच घ्या. पाहणी आणि परवानगीला वेळ लागतो, म्हणून अर्ज जूनमध्ये नको. पाऊस संपताच, नोव्हेंबरात द्या. हद्दीबाहेरच्या गावांत नियम वेगळे आहेत, तिथे ग्रामपंचायतीत किंवा वन खात्याकडे विचारा.

झाड शेजाऱ्याचे असेल तर आधी घरी जाऊन सांगा. “चाचा, तुमच्या आंब्याची फांदी आमच्या पत्र्यावर आली आहे, एकदा बघता का?” एवढ्याने पुष्कळदा काम होते. ऐकले नाही तर मग अर्ज आहेच.

दादांच्या हातचे झाड तोडायला मन धजत नाही, हे खरे. झाड लावणे हा सदका आहे. त्याचे फळ पाखराने खाल्ले तरी लावणाऱ्याला सवाब मिळतो, अशी हदीस आहे. लोकांच्या वाटेत त्रास देणारे झाड दूर करणाऱ्याची प्रशंसाही हदीसमध्येच आहे. दोन्ही एकत्र लक्षात ठेवावे. शिवाय प्रत्येक धोकादायक झाड तोडावेच लागत नाही. वाळकी फांदी काढून, भार हलका करून बरीच झाडे वाचतात.

काम करताना

शेंडाच उडवू नका. तिथे फुटणारे नवे फुटवे कमजोर असतात आणि पुढच्या वाऱ्यात तेच मोडतात. एकाच बाजूच्या फांद्या तोडल्या तर झाडाचा तोल जातो. जाड फांदी आधी खालून थोडी कापतात, मग वरून. नाहीतर ती साल सोलत खाली येते. हे काम दोर, पट्टा आणि अनुभव असलेल्या माणसाचे आहे. ओल्या झाडावर घरच्या मुलाला चढवून चार पैसे वाचवू नका. जवळून तार जात असेल तर महावितरणला कळवून आधी वीज बंद करून घ्या.

झाड पडलेच, तर लगेच फांद्या ओढायला धावू नका. खाली जिवंत तार असू शकते, दबलेली फांदी उसळू शकते. मुलांना लांब ठेवा. विजेसाठी १९१२, अग्निशमनासाठी १०१, कुठल्याही संकटात ११२. वादळाचा इशारा असेल त्या रात्री झाडाच्या बाजूची खोली रिकामी ठेवा, गाडी झाडाखाली लावू नका.

तोडलेल्या झाडाच्या जागी नवे रोप लावाल तेव्हा ते घरापासून आणि तारांपासून लांब लावा, आणि बुंध्याभोवती माती मोकळी ठेवा. नातवंडे त्याच्या सावलीत निर्धास्त खेळतील.