सावरणारा हात

मुलांनो, धुळ्याजवळील गोंदूरच्या धावपट्टीवर तरुणांना उड्डाणाचे शिक्षण दिले जाते. त्यांच्या विमानात नियंत्रणाची साधने दुहेरी असतात. शिष्य चुकताच शेजारी बसलेला गुरू विमान सावरतो. पण खेळातले विमान उडविणाऱ्याला असा आधार कोठून मिळावा? त्याचे विमान आकाशात आणि तो स्वतः जमिनीवर!

तो आधार रेडिओ-प्रेषक, म्हणजे विमानाला संदेश धाडणारे हातातील यंत्र, देऊ शकतो. नाक वरखाली करणे, ते डावी-उजवीकडे वळविणे, पंख कलविणे व वेग बदलणे या चार कामांसाठी प्रेषकाला चार वाहिन्या हव्यात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो गुरूच्या प्रेषकाशी जोडता यावा. मग शिष्य गोंधळला, की गुरू दाबून धरलेली कळ सोडून विमानाचा ताबा स्वतःकडे घेतो.

महागड्या यंत्राची हौस मागाहून पुरवावी. आधी सावरणारा हात शोधावा.