विटाळ कशाचा? खतकारखान्यांचा कचरा आणि कायदा

पिकाला स्फुरद लागते. ते खडकात असते. पण खडकातील स्फुरद पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून मुळांना ते घेता येत नाही. कारखान्यात या खडकाच्या भुकटीवर गंधकाम्लाची प्रक्रिया करतात. त्यातून फॉस्फोरिक आम्ल मिळते आणि त्याचे पुढे डीएपीसारखे खत होते. मागे उरतो तो फॉस्फोजिप्सम. फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या मापाने दर टन आम्लामागे हा कचरा साधारण पाच टन निघतो. खत गोणीत भरून देशभर जाते. कचऱ्याचा डोंगर मात्र कारखान्याशेजारच्या वस्तीच्या वाट्याला येतो.

हा डोंगर साध्या मातीचा नसतो. मूळ खडकात युरेनियम असते. प्रक्रियेत त्यातील बरेचसे युरेनियम आम्लाबरोबर जाते, तर रेडियम मुख्यतः जिप्सममध्ये उरते. रेडियम-226 चे अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षांचे आहे आणि त्यातून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू निघतो. शिवाय फ्लोराइड आणि कॅडमियमसारखे धातू असतातच. ढिगावरच्या तळ्यांत साठलेले प्रक्रियेचे पाणी तीव्र आम्लधर्मी असते. ढिगाखाली अस्तर नसेल तर हेच पाणी भूजलात उतरते. फ्लोराइडयुक्त पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आले तर दात आणि हाडे विकृत होतात.

अमेरिकेतील फ्लोरिडाचे उदाहरण बोलके आहे. तेथील पायनी पॉइंटचा खतकारखाना बंद पडला, मालक कंपनी दिवाळखोरीत गेली, ढीग मात्र राहिला. 2021 च्या मार्च महिन्यात तेथील तळ्याला गळती लागली. बांध फुटू नये म्हणून सुमारे 81 कोटी लिटर दूषित पाणी टँपाच्या उपसागराकडे सोडावे लागले आणि शेकडो घरे रिकामी करावी लागली. ती जागा कायमची बंद करण्यासाठी त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने 10 कोटी डॉलर मंजूर केले. नफा खाजगी होता. निस्तरण्याचा खर्च जनतेच्या माथी आला.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. अमेरिकेने 1991 मध्ये फॉस्फोजिप्समला घातक कचऱ्याच्या नियमांतून सूट दिली. आपल्याकडे घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी राख, लाल चिखल यांच्याबरोबर त्यालाही ‘प्रचंड प्रमाणाचा, अल्प परिणामाचा’ कचरा म्हणून यादीबाहेर ठेवले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्वतंत्र मार्गदर्शक सूचना आहेत हे खरे. पण ‘घातक’ हा शब्द गेला की त्याच्यामागून येणारी कडक बंधनेही जातात. परिणाम अल्प, हे ठरवताना ढिगाच्या पायथ्याशी राहणाऱ्याला कोणी विचारले?

आपल्या समाजाला या प्रश्नाची ओळख जुनी आहे. 1927 साली महाडला अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा ते बाटले म्हणून शेण-गोमूत्राने शुद्ध करण्यात आले. माणसाच्या ओंजळीने पाणी नासत नाही. आम्लाने आणि फ्लोराइडने नासते. तरीही पहिल्याला विटाळ म्हटले गेले आणि दुसऱ्याला अल्प परिणाम म्हटले जाते. दोन्ही वेळा नाव ठेवण्याचा अधिकार तळ्याकाठच्या तहानलेल्या माणसाकडे नव्हता.

कायद्यात वाटा नाहीत असे नाही. उदयपूरजवळच्या बिछडी गावात रसायन कारखान्यांच्या गाळाने विहिरी नासल्या. तेव्हा 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच निस्तरण्याचा खर्च द्यावा, असा निकाल दिला. पण कंपनीने प्रकरण इतके लांबवले की 2011 मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा दंडासह आदेश द्यावा लागला. निकाल आणि विहिरीचे पाणी यांच्यात पंधरा वर्षांचे अंतर पडले.

म्हणून कार्यकर्त्यांनी निकालाची वाट पाहत बसू नये. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याखाली कारखान्याला सांडपाण्यासाठी संमतिपत्र घ्यावे लागते आणि त्यात अटी असतात. माहितीच्या अधिकारात ते मागवावे, अटी मराठीत करून वस्तीत वाचून दाखवाव्यात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून विहिरींची नोंद ठेवून घ्यावी: पाण्याचा रंग, वास, तारीख. पाणी दर वर्षी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. बंद पडणाऱ्या कारखान्याच्या ढिगासाठी पैसा आधीच राखून ठेवला आहे काय, हे जनसुनावणीत विचारावे. कचऱ्याचे नाव ठरवताना वस्तीचा शब्द नोंदला गेला पाहिजे, एवढी मागणी तरी आपण ठामपणे धरली पाहिजे.